माथेरान: तुम्ही वारंवार विचारता ते प्रश्न

माझं आजोळ माथेरानच्या पायथ्याच्या नेरळचं. त्यामुळे माथेरानबद्दल काही विचारायचं असलं की ओळखीचे-अनोळखी लोक मलाच गाठतात. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून एकदा बसून सगळ्यांची उत्तरं लिहून काढली. हॉटेलचे दर आणि गाडीचं वेळापत्रक यात नाही. ते दर हंगामाला बदलतं. यात आहे तो इतिहास, आणि त्या इतिहासामुळे आज वर गेल्यावर जे दिसतं, जे खटकतं आणि जे आवडतं ते. प्रश्नांना आकडे दिलेत, म्हणजे एका ठिकाणी सांगितलेलं दुसरीकडे उगाळायला नको.

१. माथेरान नेमकं कुठे आहे? खरंच एवढंसं आहे का?

रायगड जिल्हा, कर्जत तालुका. सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून सुटून उभ्या असलेल्या एका डोंगराचा सपाट माथा म्हणजे माथेरान. पायथ्याचं स्टेशन नेरळ, मुंबईहून कर्जतला जाणारी लोकल तिथे थांबते. उंची साधारण ८०० मीटर. वरचं गाव जेमतेम सात चौरस किलोमीटरचं, आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ४,३९३. आमच्याकडे एखाद्या मोठ्या लग्नाला याहून जास्त माणसं जेवून जातात. असं असूनही गावाला स्वतःची नगरपरिषद आहे आणि ती शंभर वर्षांहून जुनी आहे.

२. 'माथेरान' या नावाचा अर्थ काय?

माथ्यावरचं रान. डोंगराच्या टाळक्यावर दाट झाडी, म्हणून माथे-रान. दुसरी एक व्युत्पत्ती धनगरांच्या तोंडून जुन्या लिखाणात उतरली आहे, 'आईचं रान' अशी. मला पहिली पटते, कारण खालून नेरळच्या फलाटावर उभं राहून वर पाहिलं तर खरोखर तेच दिसतं: कातळाची उभी भिंत आणि तिच्या डोक्यावर हिरवं जावळ.

३. माथेरान इंग्रजांनी शोधलं म्हणतात. कुणी, कधी?

ठाण्याचा कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट, मे १८५०. त्याचा मुक्काम डोंगराच्या दक्षिणेला चौक गावात होता. तिथून तो गावच्या पाटलाला घेऊन वर चढला, आज ज्याला वन ट्री हिल म्हणतात त्या बाजूने, आणि रामबागेकडून खाली उतरला. हवा आवडली. त्याच वर्षी नोव्हेंबरात तो परत आला, वर राहिला, पुढे तिथे स्वतःसाठी घर बांधलं. मग मुंबईतल्या साहेबमंडळींत बोभाटा झाला.

आता 'शोधलं' या शब्दाबद्दल. ज्याला वाट दाखवायला गावचा पाटील बरोबर घ्यावा लागतो, त्याने ती जागा शोधली असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मॅलेट ज्या अंगाने चढला त्याच अंगाला 'शिवाजीची शिडी' नावाची वाट आहे. शिवाजी महाराज शिकारीला या वाटेने येत असत असं सांगतात. ते खरं की खोटं हा भाग सोडा, पण साहेबाच्या आधीपासून डोंगराला वाटा होत्या हे त्या नावातच आहे. मॅलेटचं श्रेय वेगळं आहे. डोंगर सरकारदरबारी आणि मुंबईच्या नकाशावर त्याने नेला.

४. मग मॅलेटच्या आधी तिथे राहत कोण होतं?

ठाकर, कातकरी आणि धनगर. धनगर गुरं घेऊन पठारावर चारणीला असत. ठाकरांच्या वाड्या डोंगराच्या सोंडांवर आणि कुशीत होत्या, आजही आहेत. कातकरी खैराच्या लाकडाचा काथ काढत, त्यावरूनच त्यांचं नाव पडलं. डोंगराचा देव पिसरनाथ, त्याचं ठाणं आज शार्लोट तलावाच्या काठी आहे.

थंड हवेचं ठिकाण झाल्यावर ही माणसं गायब झाली नाहीत, त्यांचं काम बदललं. जळण, दूध, कोंबड्या, रानातला मध, ओझी वाहणं, पालखीला खांदा देणं. पुढे घाटावरून आणि कोकणातून घोडेवाले, हमाल, हजाम, धोबी, मोची येत गेले आणि गाव झालं. बंगल्यांच्या इतिहासात ही माणसं 'नोकरचाकर' एवढ्या एका शब्दात उरकली जातात. माथेरान समजून घ्यायचं असेल तर त्या शब्दापाशी थोडं थांबावं लागतं. प्रश्न ११ आणि १५ त्यासाठीच आहेत.

५. महाबळेश्वर असताना इंग्रजांना आणखी एक डोंगर कशाला हवा होता?

अंतर. महाबळेश्वर उंच, थंड, प्रशस्त. १८२९ मध्ये गव्हर्नर जॉन माल्कमने ते सातारच्या छत्रपतींकडून मिळवलं आणि पुढे मुंबई सरकारचा उन्हाळी मुक्काम तिथे पडू लागला. पण मुंबईहून तिथे जायचं म्हणजे मोहीमच. कचेरीतल्या मधल्या फळीच्या साहेबाला, कोर्टातल्या वकिलाला, कापसाच्या व्यापाऱ्याला चार दिवसांसाठी ते जमण्यासारखं नव्हतं.

तेवढ्यात आगगाडी आली. बोरीबंदर ते ठाणे १८५३, कल्याण १८५४ आणि १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत रूळ गेले, वाटेत नेरळ. बोरघाट अजून व्हायचा होता, पुण्याला जाणारी सलग गाडी १८६३ ची. म्हणजे काही वर्षं अशी होती की मुंबईच्या माणसाला आगगाडीने ज्याच्या पायथ्याशी सहज जाता येईल असा थंड डोंगर म्हटला की पहिलं नाव माथेरानचं. मॅलेटचा चढ आणि रेल्वे यांत फक्त सहा वर्षांचं अंतर आहे, आणि माझ्या मते माथेरान घडवण्यात मॅलेटपेक्षा रुळांचा हात मोठा.

तिसरा हात लॉर्ड एल्फिन्स्टनचा, मुंबईच्या गव्हर्नरचा. तो १८५५ मध्ये वर आला, स्वतःच्या बंगल्यासाठी जागा निवडली, नेरळहून वर येणाऱ्या रस्त्याला चालना दिली. गव्हर्नर जातो म्हटल्यावर बाकीचे मागे राहतात थोडेच!

६. मॅलेट ठाण्याचा कलेक्टर होता तर माथेरान रायगडात कसं? चूक आहे का ही?

चूक नाही. तेव्हा कर्जतचा भाग ठाणे जिल्ह्यात होता. म्हणूनच १८८२ च्या सरकारी गॅझेटियरमध्ये माथेरानचं तपशीलवार वर्णन ठाण्याच्या खंडात सापडतं आणि लोक कुलाब्याचा खंड चाळून 'यात माथेरानच नाही' म्हणून हैराण होतात. पुढे कर्जत कुलाबा जिल्ह्याला जोडलं गेलं, आणि १९८१ मध्ये कुलाब्याचं नाव रायगड झालं.

७. माथेरानला लष्करी छावणी किंवा सरकारी राजधानी होती का, शिमल्यासारखी?

नाही, आणि फरक इथेच आहे. सिमला उन्हाळ्यात अख्ख्या हिंदुस्थानचा कारभार चालवायचं, महाबळेश्वर मुंबई इलाख्याचा. माथेरानवर कधी सचिवालय बसलं नाही, मोठी छावणी पडली नाही. हे सुट्टीचं गाव होतं, खाजगी बंगल्यांचं. त्यामुळे प्रचंड सरकारी इमारती, कवायतीची मैदानं, मॉल रोड असला थाट इथे नाही. चर्च आहे, बाजार आहे, बाकी झाडांत लपलेली घरं.

याचा एक परिणाम असा की माथेरान फार लवकर 'साहेबांचं' राहिलं नाही. पारशी, बोहरी, गुजराती शेठ मंडळींनी बंगले घेतले, बांधले. पेमास्टर पार्क, माधवजी गार्डन ही नावं वाचा, त्यात गव्हर्नर कुठे आहे? मुंबईच्या देशी व्यापाऱ्यांचा पैसा या डोंगरावर जितका दिसतो तितका इंग्रज सरकारचा दिसत नाही. सगळ्यात मोठं उदाहरण पुढच्याच प्रश्नात.

८. नेरळहून वर जाणारी मिनी ट्रेन इंग्रजांनीच बांधली ना?

नाही. आणि हा गैरसमज मला सगळ्यात जास्त टोचतो.

ही गाडी सर आदमजी पीरभाय यांच्या घराण्याने बांधली. आदमजी दाऊदी बोहरा समाजातले, गरिबीतून वर आलेले. इंग्रजी लष्कराला तंबू पुरवून त्यांनी पैसा केला आणि मुंबईत चर्नी रोडला आरोग्यभवनासारखी दानधर्माची कामं केली. गोष्ट अशी सांगतात की ते एकदा नेरळला उतरले तर वर जायला ना घोडा मिळाला ना पालखी, सगळं आधीच साहेबांनी अडवलेलं. वैतागून त्यांनी ठरवलं, आता वर रेल्वेच नेतो. गोष्टीला थोडा मसाला असेलच, पण रेल्वे मात्र झाली. मुलगा अब्दुल हुसेन याने काम अंगावर घेतलं. १९०४ मध्ये सुरुवात, १९०७ च्या मार्चमध्ये गाडी सुरू. खर्च सोळा लाख रुपये, त्या काळचे.

रुळांमधलं अंतर फक्त दोन फूट. वाफेची चार इंजिनं जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीची, तीव्र वळणांवर चाकं सरकू शकतील अशा खास रचनेची. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी निवृत्ती घेतली आणि डिझेल इंजिनं आली.

९. रस्त्याने दस्तुरी नाका, म्हणजे मोटारी जिथे थांबतात ती जागा, आठ-नऊ किलोमीटर, मग मिनी ट्रेनला वीस किलोमीटर का लागतात?

कारण आगगाडीला चढ सोसत नाही. नेरळ समुद्रसपाटीपासून जेमतेम ४० मीटर, माथेरान ८०० मीटर. एवढी उंची गाठायची तर डोंगराला वळसे घालत, हळूहळू, लांबून जावं लागतं. या मार्गावरचा सर्वात तीव्र चढ वीस फुटाला एक फूट आहे, म्हणजे रेल्वेच्या हिशोबात भयंकर. म्हणून घोड्याच्या नालासारखी वळणं, म्हणून दोन तासांच्या आसपास वेळ. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज ही मधली स्टेशनं. वॉटर पाइपचं नाव पडलं ते पाण्याच्या नळावरून, कुणा साहेबावरून नव्हे.

वाटेत एकच बोगदा आहे आणि तो इतका आखूड की त्याला 'वन किस टनेल' म्हणतात. आमच्या आजीच्या पिढीतल्या बायका त्याचा उल्लेख 'तो भुयारी' एवढाच करत आणि विषय बदलत.

१०. मिनी ट्रेन जागतिक वारसा आहे का? बोर्डावर तसं लिहिलेलं पाहिलं.

अजून नाही. युनेस्कोच्या यादीत 'भारतातील पर्वतीय रेल्वे' या नावाखाली तीन मार्ग आहेत: दार्जिलिंग १९९९, निलगिरी २००५ आणि कालका-शिमला २००८. माथेरान तात्पुरत्या, म्हणजे प्रस्तावित यादीत आहे. दोन्हींत फरक आहे. लग्न ठरणं आणि लग्न लागणं, यात असतो तेवढा.

११. रेल्वेच्या आधी लोक वर कसे जायचे?

नेरळहून घोड्यावर, पालखीत, डोलीत, किंवा पायी. सामान हमालांच्या डोक्यावर. पियानोसुद्धा. आपण आज जुन्या बंगल्यात एखादं अवजड शिसवी कपाट पाहतो आणि 'काय काम आहे!' म्हणतो, तेव्हा ते कपाट डोंगर चढून आलं हे विसरतो. रेल्वे आल्यावरही वरच्या वर हिंडायला हेच राहिलं: घोडा, हातरिक्षा, पाय. पावसाळ्यात गाडी बंद झाली की खालून भाजी आणायला पुन्हा डोकं आणि खांदा. गावातली जुनी माणसं अंतर सांगताना किलोमीटर सांगत नाहीत, किती चढ आहे ते सांगतात.

१२. माथेरानमध्ये मोटारी का नाहीत? कोणत्या कायद्याने?

आधी परिस्थिती, मग सवय, शेवटी कायदा. पठार चिमुकलं, रस्ते मातीचे, आणि ब्रिटिश काळात वर मोटार यायला रस्ताच नव्हता. पुढे नेरळहून दस्तुरी नाक्यापर्यंत मोटाररस्ता झाला, पण गाड्या तिथेच थोपवायच्या हे गावाने पाळलं. नंतर ४ फेब्रुवारी २००३ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने माथेरान आणि भोवतालचा सुमारे २१५ चौरस किलोमीटर भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरला आणि वाहनबंदीला भक्कम आधार मिळाला.

अपवाद: रुग्णवाहिका आणि मोजक्या ई-रिक्षा. तुमच्या बरोबरचे आजोबा थकलेत हा अपवाद नाही, त्यासाठी प्रश्न १३ पाहा. 'माझी गाडी इलेक्ट्रिक आहे' हाही नाही. हा प्रश्न मला खरोखर आला होता.

१३. हातरिक्षा बंद झाल्या का? ई-रिक्षाचं काय?

हे जरा सविस्तर सांगतो, कारण यात इतिहासाचं शेपूट आजपर्यंत वळवळतं आहे.

माणसाने माणसाला ओढण्याची रिक्षा माथेरानात साहेबांच्या काळातली. दोन-तीन माणसं एक रिक्षा चढावर ओढतात, ढकलतात, उतारावर छातीने अडवतात. परवानाधारक रिक्षा ९४. कोलकात्याची हातरिक्षा सपाटीवर चालते, इथली लाल धुळीत, चढउतारावर. ओढणाऱ्यांच्याच संघटनेने वर्षानुवर्षं मागणी केली की आम्हाला यातून सोडवा, ई-रिक्षा द्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. त्यानंतर डिसेंबर २०२२ मध्ये सात ई-रिक्षा प्रायोगिक म्हणून सुरू झाल्या. शाळेत जाणाऱ्या पोरांना त्याचं सगळ्यात जास्त अप्रूप, कारण दप्तर घेऊन रोजची काही किलोमीटरची पायपीट वाचली.

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की माणसाने माणसाला ओढण्याची पद्धत मानवी प्रतिष्ठेला धरून नाही, ती सहा महिन्यांत थांबवा आणि ओढणाऱ्यांचं ई-रिक्षांच्या रूपाने पुनर्वसन करा.

विरोधही आहे आणि तो सगळाच खोटा म्हणता येत नाही. घोडेवाल्यांना पोटाची भीती आहे. परवाना असलेले घोडे चारशेच्या पुढे आहेत, त्यांच्यामागे तेवढी घरं. काहींना वाटतं की आज ई-रिक्षा आली, उद्या टेम्पो येईल. पण 'माथेरानचं जुनं वातावरण टिकावं म्हणून हातरिक्षा राहू द्या' असं जेव्हा खाली मुंबईत बसलेला माणूस म्हणतो, तेव्हा त्याने एकदा दस्तुरीपासून बाजारापर्यंत ती रिक्षा स्वतः ओढून पाहावी. मी तरुणपणी शंभर पावलं ओढून पाहिली होती, गंमत म्हणून. एकशेएकावं पाऊल टाकलं नाही.

१४. माती एवढी लाल का? आणि पेव्हर ब्लॉकचा वाद काय आहे?

डोंगराचं अंग काळ्या कातळाचं, पण डोक्यावर जांभ्या दगडाची टोपी आहे. जांभा झिजला की लाल माती होते. कपडे, बूट, घोडे, माकडं, सगळं त्या रंगाचं होतं. पांढरे बूट घालून जाऊ नका, सल्ला समजा.

जांभा सच्छिद्र. पाऊस पितो आणि खाली सोडून देतो, त्यामुळे एवढ्या पावसानंतरही वर पाण्याची टंचाई. पावसाळ्यात मातीचे रस्ते वाहून जातात म्हणून पेव्हर ब्लॉक बसवायचे निघाले. एका बाजूला चिखलात घसरणारे गावकरी आणि रिक्षाचालक, दुसऱ्या बाजूला 'माती झाकली तर माथेरानचं माथेरान उरणार नाही' म्हणणारे, आणि घोड्यांचे पाय घसरतात म्हणणारे घोडेवाले. न्यायालयाने मधली वाट काढली: दस्तुरी नाक्यापासून बाजारातल्या शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतचा मुख्य रस्ता ब्लॉकचा चालेल, आतल्या वाटा आणि पॉइंटांकडच्या पायवाटा नाही. तेव्हा आत शिरलात की पायाखाली अजून जुनीच माती लागते.

१५. भाई कोतवाल माथेरानचे होते हे खरं का?

खरं, आणि हा प्रश्न कुणी विचारला की मला फार बरं वाटतं.

विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, जन्म १ डिसेंबर १९१२, माथेरान. घर नाभिकाचं. म्हणजे प्रश्न ४ मध्ये जी 'नोकरचाकर' मंडळी म्हटली, त्यांतलं. ज्या गावात बंगल्यांच्या व्हरांड्यांवर चहाचे कप किणकिणत होते, तिथेच हा मुलगा वाढला, शिकला, मुंबईला जाऊन वकील झाला आणि परत आला. नगरपालिकेत निवडून गेला, उपाध्यक्ष झाला. खालच्या गावांत सावकारांच्या कचाट्यातून शेतकऱ्याला सोडवायला धान्यकोठ्या काढल्या, आदिवासी पाड्यांवर शाळा सुरू केल्या.

१९४२ च्या आंदोलनात कोतवाल भूमिगत झाले आणि त्यांनी 'आझाद दस्ता' उभारला. मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडायचे ही त्यांची मुख्य मोहीम. मुंबईच्या कारखान्यांची वीज कर्जत-मुरबाडच्या रानातून जात होती आणि ते रान दस्त्यातल्या माणसांना पायाखालचं होतं. सरकारने डोक्यावर बक्षीस लावलं. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांनी दस्त्याला घेरलं. हिराजी पाटील आणि भाई कोतवाल तिथे हुतात्मा झाले. कोतवालांचं वय तीस.

एल्फिन्स्टनचं नाव डोंगरावर राहिलं, ठीक आहे. पण वर गेलात तर गाइडला भाई कोतवालांचं घर कुठे होतं हेही विचारा. सांगताना त्याचा आवाज बदलतो.

१६. पॉइंटांची नावं अजून इंग्रजीच का? बदलायला नकोत?

अलेक्झांडर, लुईसा, एको, पॅनोरमा, पोर्क्युपाईन, किंग जॉर्ज. यांच्याच रांगेत रामबाग, चौक, मालंग, गारबट. सगळी मिळून पस्तीसएक नावं सांगतात. माझं मत विचाराल तर राहू द्यावीत, कारण घोडेवाल्यांनी ती कधीच आपली करून टाकली आहेत. 'पॅनोरामा' म्हणताना त्यांच्या तोंडी जे स्वर येतात, ते कुठल्याही साहेबाला ओळखू आले नसते. वन ट्री हिलला तर सरळ 'एक झाडाचा डोंगर' म्हणणारे भेटतात. भाषेने केलेलं नामांतर ठरावाशिवाय होतं.

१७. एका दिवसात काय बघावं? ब्रिटिशकालीन काय उरलंय?

पहाटे पॅनोरमा, उत्तरेच्या टोकाला, सूर्योदयासाठी. दुपारी शार्लोट तलाव आणि पिसरनाथ, मग तिथून लुईसा. समोर प्रबळगड उभा असतो, पावसाळ्यानंतर हवा धुतलेली असली तर त्याच्या कातळाच्या रेघा मोजता येतात. संध्याकाळी पोर्क्युपाईन, सूर्यास्त. यात वन ट्री हिल बसवायचं असेल तर दुसरा दिवस ठेवा. मॅलेटची चढण तिथली, आणि ती निवांत बघण्यासारखी आहे.

ब्रिटिशकालीन म्हणाल तर एकेक इमारत शोधत हिंडू नका. एकोणिसाव्या शतकातलं सेंट पॉल चर्च आहे, स्टेशन आहे, काही बंगले हॉटेल झाले, काही कुलपं लावून पडलेत. खरी जुनी गोष्ट म्हणजे वाटांची आखणी. रस्ते मुद्दाम झाडांखालून, कड्याच्या जवळून पण एकदम कड्यावर नाही, असे नेलेत. हिरडा, जांभूळ, अंजनीच्या सावलीतून तासभर चालायचं आणि अचानक समोर दरी. चालणाऱ्यासाठी आखलेलं गाव मोटारींनी कधी रुंद केलं नाही, म्हणून ती आखणी अजून शाबूत आहे. वरून शेकरू दिसलं तर त्या दिवशीचं भाग्य.

१८. माथेरानला थंडी वाजते का? स्वेटर न्यावा का?

डिसेंबर-जानेवारीत रात्री हवा. मे महिन्यात दुपारी घामही येतो, फार अपेक्षा ठेवू नका. महाबळेश्वर याहून पाचशेएक मीटर उंच आहे, ती थंडी इथे नाही. मुंबईचा चिकचिकाट नसतो आणि झाडांची सावली असते, एवढ्यावरच मुंबईकर पावणेदोनशे वर्षं खूश आहेत.

१९. पावसाळ्यात गेलं तर चालेल?

चालेल, पण ते दुसरंच माथेरान असतं. पाऊस पाच हजार मिलिमीटरच्या आसपास, धुकं इतकं की पॉइंटवर उभं राहून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढावा लागतो. नेरळ ते माथेरान गाडी साधारण १५ जूनपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असते. अमन लॉज ते माथेरान ही छोटी शटल चालू ठेवतात. बरीच हॉटेलं दारं लावून घेतात. कड्याच्या कठड्यापलीकडे जाऊन फोटो काढू नका. जांभा भिजला की साबण होतो.

२०. मिनी ट्रेन बंद पडली होती ना? आता पूर्ण चालू आहे का?

२६ जुलै २००५ च्या पावसाने मार्ग जागोजागी उखडला, गाडी २००७ मध्ये परत धावली. मे २०१६ मध्ये अमन लॉजजवळ डबे घसरल्याच्या दोन घटना पाठोपाठ झाल्या आणि गाडी दीड वर्षाच्या वर थांबली. २०१९ च्या पावसाने पुन्हा रूळ वाहून गेले. शेवटी २२ ऑक्टोबर २०२२ ला नेरळ ते माथेरान सेवा परत सुरू झाली. निघायच्या आदल्या दिवशी चौकशी करा, कारण हा डोंगर रुळांना दरवर्षी नव्याने परवानगी देतो. जागा थोड्या असतात आणि नेरळच्या खिडकीवर रांग पहाटेच लागते.

२१. ट्रेन मिळाली नाही तर?

नेरळ स्टेशनबाहेरून टॅक्सीने दस्तुरी नाका. तिथे प्रवेशकर भरायचा, मग अमन लॉजहून शटल, किंवा घोडा, किंवा लाल रस्त्याने अडीच-तीन किलोमीटर चालत बाजार. मी चालतच जातो. सामान जास्त असेल तर हमाल करा, आणि तो किती सांगतो त्यावर घासाघीस करण्याआधी त्याच्या डोक्यावर किती बॅगा आहेत ते मोजा.

२२. माकडांचं काय करायचं?

चिक्कीची पुडी हातात घेऊन बाजारातून बाहेर पडायचं नाही, एवढंच. पिशवीत, चेन लावून. वानर काळतोंडे, त्यांना तुमच्यात फारसा रस नसतो. लाल तोंडाची माकडं मात्र पुडीचा आवाज ओळखतात. आणि चष्मा लावत असाल तर एको पॉइंटवर 'ओऽऽ' करताना एक हात चष्म्यावर ठेवा.